व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर हाताने जोडताना : मुलांच्या हाती काय द्यावं, काय देऊ नये



बारावीच्या भौतिकशास्त्रात धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याचे प्रकार दिले आहेत. त्यात थर्मिऑनिक एमिशन आहे. धातू पुरेसा तापवला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, एवढंच. ‘लातूर पॅटर्न’मध्ये घासून तयार झालेला मुलगा ही ओळ झोपेतही सांगेल. पण तापलेल्या धातूतून निघालेल्या इलेक्ट्रॉनवर चालणारं एखादं यंत्र त्याने पाहिलेलं असतं का? बहुतेक नसतंच. पुस्तकात व्हॉल्व्हचा उल्लेख आता ट्रान्झिस्टरच्या आधीची जुनी गोष्ट म्हणून येतो आणि संपतो.

आपल्याकडे ती गोष्ट फार जुनी नाही. आजोबांच्या पिढीने व्हॉल्व्हचे रेडिओ वापरलेत. बटण फिरवलं की आवाज लगेच येत नसे, आधी डबा तापायचा. हे रेडिओ आपल्याच राज्यात बनत. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता, फिलिप्सचा पुण्याजवळ लोणी काळभोरला. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी व्हॉल्व्ह बनवायची. जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाचा आवाज आणि लग्नातल्या कर्ण्यावरची गाणी याच काचेच्या नळ्यांमधून मोठी होऊन यायची. त्यामुळे नांदेड-लातूरच्या एखाद्या जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात धूळ खात पडलेले व्हॉल्व्ह आजही मिळू शकतात. नाहीच मिळाले तर हैदराबादचं कोटी मार्केट आपल्याला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा जवळ आहे. नवे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये अजूनही बनतात.

व्हॉल्व्ह म्हणजे झडप. शेतातल्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह आपल्या मुलांना चांगला माहीत असतो. चाक हाताने थोडंसं फिरवायचं, पण त्याने वाहणारं पाणी मात्र भरपूर. इथेही तसंच. काचेच्या नळीत हवा नसते. मधली कॅथोड नावाची नळी आतल्या हीटरने तापते आणि इलेक्ट्रॉन सोडते. बाहेरच्या प्लेटला २५० व्होल्टचा धन दाब दिला की ती इलेक्ट्रॉन ओढून घेते. फ्लेमिंगने १९०४ मध्ये केलेला व्हॉल्व्ह एवढाच होता. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने मध्ये तिसरा भाग घातला, आणि पुढे तो ग्रिड म्हणजे तारेची जाळी म्हणून ओळखला गेला. जाळीवर थोडा ऋण दाब दिला की इलेक्ट्रॉनची वाट अडते, कमी केला की मोकळी होते. मोबाइलमधून येणारा इवलासा सिग्नल या जाळीवर द्यायचा, की प्लेटमधला मोठा प्रवाह त्याच तालावर कमी-जास्त होतो. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे मुळात एवढंच.

सुरुवातीला दोन व्हॉल्व्ह पुरतात. ईसीसी ८३ सिग्नलचा दाब वाढवतो, ईएल ८४ स्पीकर हलवण्याची ताकद देतो. छापील सर्किट बोर्ड नको. अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीला भोकं पाडून सॉकेट बसवायचे, टॅग स्ट्रिप लावायच्या आणि एकेक रेझिस्टर हाताने डाख देऊन जोडायचा. या पद्धतीत कोणती तार कुठून कुठे गेली ते बोटाने दाखवता येतं (अर्थात प्लग काढलेला असताना!). मोबाइल उघडून मुलाला असं काय दाखवणार?

आणि गणित तर जागोजागी आहे. ईसीसी ८३ च्या प्लेटला १ लाख ओहमचा रेझिस्टर आहे, त्यातून साधारण १ मिलिअँपिअर वाहतो. म्हणजे तिथे १०० व्होल्ट पडणार आणि २५० पैकी १५० प्लेटला उरणार. ईएल ८४ च्या प्लेटवर २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअर, म्हणजे १२ वॅट. हीटर ६.३ व्होल्टवर ०.७६ अँपिअर घेतो, तो आणखी ४.८ वॅट. एवढं खाऊन आवाज निघतो जेमतेम ५ वॅटचा! बाकी सगळी उष्णता. मे महिन्यात नांदेडला हा डबा कोणी हौसेने लावणार नाही, हे कबूल. पण ओहमचा नियम आणि कार्यक्षमता शिकवायला याच्याइतकं बरं साधन मला तरी माहीत नाही.

सगळ्यात जास्त वेळ आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर द्यावा. ईएल ८४ ला समोर साधारण ५२०० ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. ५२०० भागिले ८ म्हणजे ६५०, त्याचं वर्गमूळ साडेपंचवीस. वेढ्यांचं प्रमाण तेवढं ठेवायचं. वर्गमूळ कशाला शिकायचं असं विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण द्यावं. शेतीच्या मोटारींमुळे रिवाइंडिंगची दुकानं आपल्याकडे गावोगाव आहेत, तो कारागीर हा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देऊ शकतो. मात्र त्याला एक गोष्ट आधी सांगायला हवी. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पट्ट्या आलटून-पालटून भरतात. इथे सगळ्या ‘ई’ एका बाजूला, सगळ्या ‘आय’ दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची पातळ पट्टी हवी. कारण यातून सतत डीसी वाहतो, फट नसेल तर लोखंड संपृक्त होतं आणि आवाज फाटतो.

ट्रान्सफॉर्मर आला की प्रमाण तपासावं, पण बाजू नीट बघून. जास्त वेढ्यांच्या बाजूला ६ व्होल्ट एसी दिले तर दुसरीकडे पाव व्होल्टपेक्षाही थोडे कमी मिळतील. तेच ६ व्होल्ट चुकून स्पीकरच्या बाजूला दिले तर पलीकडे दीडशे व्होल्ट तयार होतात. ‘साहेब, सहाच व्होल्ट आहेत’ म्हणणाऱ्या मुलाचा हात तिथे असू नये.

आता मुख्य मुद्दा. २५० व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो दाब साठून राहतो. ४७ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर असतील तर त्यांच्या दोन टोकांत २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडावा. मग पावणेदोन मिनिटांत दाब एक-दोन व्होल्टवर येतो. तरी मीटर लावून खात्री केल्याशिवाय आत बोट नाही. ‘आमच्याकडे आरसीसीबी आहे’ या भरवशावर राहू नका. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूचा शॉक त्याला कळतच नाही, त्यामुळे तो पडत नाही. पेटीला अर्थिंग हवंच. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थची तार जोडलेली आहे असं समजू नये, उघडून बघावं. आणखी एक. जुन्या एसी-डीसी रेडिओत पॉवर ट्रान्सफॉर्मर नसायचा, मेन्सची एक तार थेट चॅसिसला जोडलेली असायची. यूएल ८४ सारखे ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले तर तो सेट मुलांपासून लांब ठेवा.

म्हणून माझी वाटणी अशी. नकाशा काढणं, आकडेमोड, टॅग स्ट्रिपवर डाख देणं, हीटरच्या तारांना पीळ घालणं आणि व्हॉल्व्ह न बसवता, उच्च दाबाची बाजू न जोडता फक्त ६.३ व्होल्ट मोजणं हे नववीपासून पुढच्या मुलांनी करावं. उच्च दाब जोडल्यानंतरचं सगळं मोठ्यांनी. पहिल्यांदा चालू करताना मेन्स थेट देऊ नका. इलेक्ट्रिशियनचा सिरीज बोर्ड असतो ना, जुना तारेचा बल्ब लावलेला, त्यातून द्या. बल्ब भगभगीत पेटूनच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर चालवायचा नाही, नाहीतर कष्टाने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर जळतो.

दाबाचा चढउतार हा आपल्याकडचा खास प्रश्न. हीटरला ६.३ व्होल्टच्या दहा टक्के खाली-वर चालतं. मेन्स २५० झाला तर हीटरला ६.८५ मिळतात, ते कसंबसं बसतं. संध्याकाळी खेड्यात १९० झाला की ५.२ च मिळतात आणि आवाज मरगळतो. साधा स्टॅबिलायझर लावावा.

मोठ्यांनी एक मोजमाप मुलांसमोर करावं. ईएल ८४ च्या कॅथोडला १३५ ओहमचा रेझिस्टर आहे आणि त्यातून साधारण ५३ मिलिअँपिअर वाहायला हवा. मीटर ७ व्होल्टच्या आसपास दाखवतो का, ते बघायचं. बारा-तेरा दाखवत असेल तर लगेच बंद करा. बऱ्याचदा जुना कपलिंग कपॅसिटर गळत असतो, तो नवा टाकावा.

सगळं बरोबर असलं तरी स्पीकरमधून भुणभुण येईलच. ती घालवण्याचं काम पुन्हा मुलांना द्या. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप घेऊन स्पीकरजवळ धरायला सांगा. ५० हर्ट्झला काडी उंच उभी राहिली तर संशय हीटरच्या तारांवर, पीळ घट्ट करा आणि त्या पेटीच्या कोपऱ्यातून न्या. १०० ला उभी राहिली तर रेक्टिफायरनंतरचं गाळणं कमी पडतंय किंवा अर्थच्या तारा जागोजागी जोडल्या गेल्यात. पहिला कपॅसिटर तपासा, सगळ्या अर्थच्या तारा एकाच ठिकाणी आणा. डबा उघडण्याआधी प्लग काढायचा, पावणेदोन मिनिटं मोजायची आणि मीटर लावायचा, दर वेळी.