अंगावर काढलेलं

गेल्या पावसाळ्यात गोवंडीच्या शिवाजीनगरात एका मेडिकलच्या दुकानासमोर उभी होते. माझ्या पुढच्या बाईनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पदराच्या गाठीतून गोळ्यांची रिकामी स्ट्रिप काढली आणि काउंटरवर ठेवली. दुकानदारानं ती पाहिली, तसलीच भरलेली दिली, पैसे घेतले. सगळा व्यवहार मुका. जाताना तिनं ती रिकामी स्ट्रिपही उचलली, घडी घातली, पुन्हा गाठीत बांधली. पुढच्या वेळेसाठी.

ती स्ट्रिप माझ्या डोक्यातून जाईना. औषधाचं नाव मी वाचलं होतं, मेट्रोनिडाझोल. ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आवेवर देतात, आणि अंगावरून पांढरं जातं त्यातल्या काही प्रकारांवर. शुक्रवारी ये आमच्याकडे, बघ." त्याच वस्तीत एका संस्थेचा दोन खोल्यांचा दवाखाना आहे, तिथं त्या दर शुक्रवारी बसतात. मी लागोपाठ तीन शुक्रवार गेले.

देवनारचं डम्पिंग ग्राउंड तिथून जवळच. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथं पडतो आहे. वारा फिरला की त्याचा वास सरळ दवाखान्यात येतो आणि बाकावर बसलेल्या कुणालाच त्याचं काही वाटत नाही. त्यातल्या कितीतरी जणी तिथंच कचरा वेचतात, काही घरी जरीचं काम करतात, काही चेंबूरला घरकामाला जातात. मग त्यांच्यापैकी एकेक जण आत येते आणि डॉक्टरांच्या कानाशी लागून दुसऱ्याच वासाबद्दल बोलते. "ट्रेनमधी कुणाच्या बाजूला बसत नाय मी." "मुलांना जवळ घेऊन झोपत नाही." "सफेद पानी जाता है, बदबू आती है."

तपासणी पडद्यापलीकडे. मी अलीकडे, खिडकीजवळच्या टेबलाशी, मायक्रोस्कोप सांभाळणाऱ्या ताईंच्या शेजारी बसायचे. मी बसले तर चालेल का, हे त्या प्रत्येकीला आधी विचारत. दोघींनी नाही म्हटलं, तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले.

ताईंचं काम थोडक्यात असं. पडद्याआडून कापसाची काडी येते. त्यावरचा स्राव आम्लतेच्या पट्टीला लावायचा. पट्टीचा पिवळा रंग हिरवट झाला, म्हणजे आकडा साडेचारच्या वर गेला, की आत काहीतरी बिघडलं आहे. मग काचपट्टीवर एक थेंब मिठाच्या पाण्याचा, एक थेंब पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा. आणि तो दुसरा थेंब पडला रे पडला की काचपट्टी नाकाशी न्यायची आणि वास घ्यायचा.

हे मला माहीत नव्हतं. जिवाणूंचा समतोल बिघडला असेल तर त्या थेंबासरशी माशासारखा वास सुटतो. "याला मशीन नाही, नाकच," ताई म्हणाल्या. म्हणून शुक्रवारी त्या गजरा माळत नाहीत, पावडर लावत नाहीत, खोलीत उदबत्ती लावू देत नाहीत. पंधरा वर्षं हे करताहेत.

पडदा थोडा आखूड आहे. तपासणीच्या टेबलावरून उतरून साडी नीट करणारी बाई त्या फटीतून बघत असते. स्वतःची काचपट्टी दुसऱ्या बाईच्या नाकाशी जाताना ती बघते. खरं तर ती ताईंचा चेहरा बघत असते. ताईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. वास घेतात, वहीत खूण करतात, काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवतात, निवडलेल्या तांदळाचं ताट बाजूला सरकवावं तशी. मी पहिल्या शुक्रवारी एक काचपट्टी हुंगायला मागितली आणि माझं नाक आपोआप आकसलं. पडद्याच्या फटीत त्या वेळी कुणी नव्हतं, हे बरं झालं.

ताईंनी मला भिंगातून बुरशीचे धागे दाखवले, बांबूला कोंभ फुटावेत तसे. मिरपूड भुरभुरल्यासारख्या, काठ पुसट झालेल्या पेशी दाखवल्या. आणि एकदा घाईघाईनं, "लवकर बघा, गार पडली की हलायचा थांबतो," म्हणत ट्रायकोमोनास नावाचा परजीवी दाखवला. पांढऱ्या पेशींच्या गर्दीत त्यांच्याएवढाच एक जीव, पण जिवंत. झटके देत, थबकत, पुन्हा झटके देत चाललेला. काचपट्टी तासाभरानं दुसऱ्या प्रयोगशाळेत पोचली तर हा दिसेलच याची खात्री नाही. म्हणून हे टेबल पडद्याला लागून आहे.

बायकांना समजावण्याची ताईंची रीत त्यांची स्वतःची आहे. "आत निसर्गानं विरजण लावलेलं असतं, मावशी. दह्यातल्या जंतूंच्याच कुळातले जंतू असतात ते, ते आंबटपणा धरून ठेवतात, म्हणून वाईट जंतू वाढत नाहीत. तुम्ही साबण घालून, जंतुनाशक घालून आतून धुता. विरजणात साबण घातला तर दही लागेल का?" एक म्हातारी यावर कितीतरी वेळ मान हलवत राहिली. वीस वर्षं ती तुरटीच्या पाण्यानं धूत आली होती.

डॉक्टरांच्या तोंडी एक आकडा सारखा येई, आठ. शंभरातल्या आठ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, ते संशोधन १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग निघाला, त्यातला निम्मा भार जंतुसंसर्गाचा. जगानं लक्षात ठेवला तो ९२ हा आकडा. डॉक्टरांना टोचतो तो दुसरा. त्या ६५० जणींपैकी त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ. "ती खेडी होती," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "इथून केईएम रुग्णालयाला बस जाते. बाकावर जा आणि विचार."

मी विचारलं. त्या दिवशी बाकावर अकरा जणी होत्या. बाळंतपण सोडून कधी तपासून घेतलंय का, यावर दोघींनी हो म्हटलं. अकरा बायकांवरून काही सिद्ध होत नाही, पण शंभरातल्या आठ हा आकडा तेव्हापासून मलाही टोचतो.

सरकारनं यावर एक सोपी वाट काढली आहे. लक्षणं ऐकून त्या त्या रंगाचं औषधांचं तयार पाकीट द्यायचं. योनीमार्गातून स्राव असेल तर हिरवं, गर्भाशयाच्या तोंडातून असेल तर करडं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. ही वाट मूर्खपणाची नाही. रोजंदारी बुडवून आलेली बाई रिपोर्ट घ्यायला पुन्हा येईलच असं नाही, म्हणून तिला त्याच दिवशी औषध मिळालेलं बरं. पण गनोरिया आणि क्लॅमिडिया बाईच्या शरीरात बहुतेकदा गुपचूप बसतात, लक्षण दाखवतच नाहीत, आणि वर चढून गर्भनलिका खराब करतात. दुसरीकडे, गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला, त्यात पांढरं जाण्याची तक्रार संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, उदासीशी जास्त जोडलेली आढळली. म्हणजे दुखणं आहे ती बोलत नाही, आणि बोलते तिचं दुखणं कदाचित दुसरंच आहे. नुसतं पाकीट या दोघींनाही चुकवून जातं. मला म्हणून ही काचपट्टी आणि तिच्याआधीची दहा मिनिटांची विचारपूस, दोन्ही हव्यात असं वाटतं, आणि शहराच्या प्रत्येक वस्तीत हव्यात असं वाटतं.

दुसऱ्या शुक्रवारी एक बाई आली. चाळिशीची, हिरव्या बांगड्या, मूळची परभणीकडची.

"किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"लेक झाली तवापासून."

"लेक केवढी?"

"नववीत हाय."

पलीकडे क्षणभर कुणीच बोललं नाही. मग तिनंच सांगितलं. गोळ्या घेते, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. डॉक्टरांनी कुठल्या गोळ्या विचारल्या तर तिनं पदराची गाठ सोडली. ती दुकानातलीच बाई होती का, मला सांगता येणार नाही. चेहरा मी त्या दिवशी पाहिलाच नव्हता.

काडी आली, पट्टी हिरवी झाली, ताईंनी वास घेतला. भिंगाखाली तोच जीव, झटके देत चाललेला. ताईंनी तिलाच उठवून भिंगापाशी बसवलं. ती एक डोळा मिटून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो माझ्यात हाय?" मग हळूच, "मला वाटलं कॅन्सर. पिशवी काढाय लागंल म्हणली व्हती शेजारीण." ही भीती उगाच येत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवी काढून हा जीव जात नाही. तो योनीमार्गात राहतो.

ताईंनी दोन पाकिटं पुढे ठेवली. एक तिचं, एक नवऱ्याचं. "तुम्ही बऱ्या होता आणि त्यांच्याकडून पुन्हा येतो. त्यांना काही होत नसतं, पण असतो. दोघांनी एकाच वेळी घ्यायचं. आणि गोळ्या घेताना दारू नको."

दारूचं ऐकून ती नुसती हसली. मग दुसऱ्या पाकिटाकडे बघत राहिली. "त्याला काय म्हणून देऊ? म्हणंल कुणाकडं गेलती."

"त्यांना इथं घेऊन या. डॉक्टर सांगतील."

"न्हाई येणार."

"मी येऊ घरी?"

तिनं घाईनं मान हलवली. स्वतःचं पाकीट गाठीत बांधलं. ताईंचा हात एकदा धरला, सोडला. दुसरं पाकीट टेबलावर तसंच राहिलं.

बाहेरच्या बाकावर अजून चौघी होत्या. ताईंनी ते पाकीट उचललं, मागच्या बाजूला पेनानं तारीख घातली आणि टेबलाचा खालचा खण उघडला. आत तशीच पाकिटं होती, तारखा घातलेली, रबरानं बांधून ठेवलेली. त्यांनी ते गठ्ठ्यात सरकवलं, खण लावला आणि नव्या काचपट्टीवर थेंब टाकला.