आधी आराखडा, मग घरकुल

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपंचायतीच्या व्हरांड्यात एक बाई बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि घरटॅक्सची पावती. मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "घरकुल भेटते म्हनतेत जी, पन जागेचा कागद आना म्हनतेत. सासऱ्याच्या टायमापासून इथंच राहून राहिलो. आता कागद कुठून आनू?"

त्यांचा प्रश्न एकटीचा नाही. २०१५ साली गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली तालुक्याची अनेक गावं नगरपंचायती झाली. धानोरा, कोरची, भामरागड, सिंदेवाही, पोंभुर्णा, जिवती ही त्यातलीच. पाटी बदलली आणि गाव 'शहर' झालं. पण त्यासोबत आपल्या हातून काय गेलं, हे कुणी आपल्याला सांगितलं का?

गेली ती ग्रामसभा. खेड्यातल्या बाईला कायद्याने एक हक्क आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी फक्त बायकांची महिला सभा घ्यावी लागते. घरकुलाच्या यादीत खरी गरजू कोण, हे ग्रामसभेपुढे तपासलं जातं. केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च करायचा, त्याचा आराखडाही ग्रामसभेपुढे येतो. महिला सभा नुसती कागदावर उरकणारी गावं आहेतच. तरी भांडायला जागा आहे!

धानोऱ्याला लागूनच असलेल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथली ग्रामसभा सर्वांच्या संमतीने निर्णय घेते, बायाही त्यात बोलतात. २००९ साली गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा परवानाही हाती आला. आलेल्या पैशाचं काय करायचं, हे गावाने बसून ठरवलं. शेजारच्या धानोऱ्यात मात्र आज तशी ग्रामसभा नाही. शहरांसाठी 'क्षेत्र सभा' भरवण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. पण आपल्यापैकी किती जणी अशा सभेला गेल्यात?

पैसा येतो कसा?

केंद्राचा पैसा मोकळा येत नाही, तो बांधून येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, २०२१-२२ पासून, ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच राखलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांतच गावाच्या मनासारखी कामं बसवायची. म्हणून मागणी करताना आपलं काम कोणत्या खान्यात बसतं, हे आधी बघावं. हापशीभोवतीचा चिखल आणि तुंबलेली नाली ही कामं पाणी-स्वच्छतेत बसतात.

घरकुलाचंही तसंच. खेड्यात प्रधानमंत्री आवास योजनेतून साध्या भागात १ लाख २० हजार, तर गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात १ लाख ३० हजार रुपये ठरले. घर किमान २५ चौरस मीटरचं, त्यात स्वयंपाकाची जागा हवीच. शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. रक्कम मोठी दिसते, पण मेख आहे ती 'स्वतःच्या जागेवर' या शब्दांत. नगरपंचायत प्रकल्प अहवाल करून वर पाठवते. त्या अहवालात नाव नसेल, तर पैसा येण्याचा प्रश्नच नाही.

जागेचं दुखणं

सरकारी जागेवरच्या जुन्या अतिक्रमणांचे पट्टे देण्यासाठी राज्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये निर्णय काढला. पण आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, तो झुडपी जंगलाचा. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की झुडपी जंगल ही वनजमीनच. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सरकारी अधिकाऱ्याने रीतसर दिलेल्या जागांसाठी राज्याला केंद्राकडे मंजुरी मागता येईल. म्हणून घरात जुना कागद, पावती, जे काही असेल ते जपून ठेवा. चुलीजवळच्या डब्यात नको, नीट फाइल करा.

आणि हो, घर मंजूर होताना त्यावर बाईचं नाव हवं. तिच्या एकटीच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे, असं दोन्ही योजनांत सांगितलंय. "मालकाच्याच नावानं राहू द्या," असं म्हणून सोडू नका.

मग करायचं काय?

अमेरिकेत १९७४ पासून शहरांना घरं आणि वस्तीसुधारणेसाठी केंद्राचं अनुदान मिळतं. तिथे शहराला वर्षात निदान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात आणि आराखडा लोकांपुढे तीस दिवस ठेवावा लागतो. आपल्याकडे तेवढी वाट मोकळी नसली, तरी बंदही नाही.

नगरपंचायतीच्या अर्थसंकल्पाची तयारी जानेवारी-फेब्रुवारीत होते. बचत गटाच्या बैठकीत त्याआधीच वॉर्डातली तीन कामं ठरवा. दहा-पंधरा जणींच्या सह्या घ्या, अर्ज द्या आणि पोच घ्या. आपल्या वॉर्डातल्या किती नावांचा प्रकल्प अहवाल गेला, कोणती नावं कशामुळे राहिली, हे लेखी विचारा. उत्तर नाही मिळालं, तर माहितीचा अधिकार आहेच. पंचायतींमध्ये आणि नगरपालिकांमध्ये २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या वॉर्डाची नगरसेविका बहुधा हळदीकुंकवाला घरी येणारीच असेल. तिलाच विचारा ना!

व्हरांड्यातल्या त्या बाईंना मी एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकटीला कोन इचारते जी?" खरंच आहे. म्हणूनच पुढच्या खेपेला एकटीनं जायचं नाही. शेजारणीला घेऊन जायचं, आणि यादी लागल्यावर नाही, यादी होण्याआधी जायचं.