इन्सब्रुकच्या दोन ज्योती

1976 साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये हिवाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं तेव्हा ज्योती पेटल्या दोन. एक 1964 ची आठवण म्हणून, कारण तेव्हाही खेळ इथेच झाले होते. दुसरी त्या वर्षीची. ती खरं तर पेटायची होती अमेरिकेतल्या डेन्व्हरला. 1970 मध्ये यजमानपद डेन्व्हरला मिळालंही होतं. पण 1972 च्या नोव्हेंबरात कोलोरॅडोच्या मतदारांनी या खेळांवर सरकारी पैसा खर्च करायला चक्क नकार दिला!

यजमान निवडताना पाहतात तरी काय? आधी उतार. पुरुषांच्या डाउनहिल शर्यतीला सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीत निदान 800 मीटरांचा फरक लागतो. म्हणजे जवळजवळ बुर्ज खलिफाची उंची, आणि ती दोनेक मिनिटांत उतरायची. मग बर्फ. तो उंच डोंगरांतही दगा देतो. 1964 ला इन्सब्रुकमध्ये बर्फ पडेचना, तेव्हा लष्करी जवानांनी बॉबस्ले आणि लूजच्या घसरवाटांसाठी 20,000 लाद्या डोंगरातून वाहून आणल्या. आल्प्सच्या कुशीत, भर हिवाळ्यात, बर्फाची हमाली!

पूर्वी यजमानपदासाठी शहरांचं स्वयंवर भरायचं. 2022 च्या वेळी मात्र स्टॉकहोम, क्राकूव्ह, ल्विव्ह आणि ओस्लो एकेक करून उठून गेले. मांडवात उरले बीजिंग आणि अल्माटी. 2015 साली क्वालालंपूरमध्ये मतं पडली 44 विरुद्ध 40, बीजिंग जिंकलं आणि शर्यती जवळपास पूर्णपणे यंत्राने पाडलेल्या बर्फावर झाल्या.

2019 मध्ये ऑलिम्पिक समितीने रीत बदलली. आता एक आयोग इच्छुकांशी आधीच बोलणी करतो आणि शेवटी बहुधा एकच नाव मतदानाला येतं. थोडक्यात, कांदेपोहे. शिवाय यजमान एकच शहर असावं हा हट्टही सुटला. 2026 साठी मिलान आणि कोर्तिना यांची जोडी ठरली. त्यांच्याकडून हरलेल्या स्वीडनच्या प्रस्तावात तर घसरवाट बाल्टिक समुद्रापलीकडे, लाटव्हियातल्या सिगुल्डाची होती! 2030 चा यजमान ‘फ्रेंच आल्प्स’. हे तर शहरच नव्हे.

आणि इन्सब्रुक? 2026 साठी आपण पुन्हा उभं राहायचं का, असं 2017 मध्ये तिथल्या टिरोल प्रांतात लोकांना विचारलं. प्रांत ‘नाही’ म्हणाला, आणि दोन ज्योती पेटवणाऱ्या इन्सब्रुक शहराचा नकार तर प्रांताहूनही ठणठणीत होता.