मुरमाची खाण किती खोल न्यावी?

मुरूम आणि खडीच्या धंद्यात आपले बरेच बंधू आहेत. कोणी जमीन भाड्याने घेऊन खाण चालवतात, कोणाचे ट्रॅक्टर-डंपर आहेत, कोणी खाण संपल्यावर खड्डा भरून जागा विकतात. परवाना आणि रॉयल्टी यांची चर्चा या धंद्यात रोज होते. खड्ड्याखालच्या पाण्याची चर्चा मात्र शेजारच्या विहिरीची तक्रार आल्यावरच सुरू होते, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्ट म्हणजे काळ्या खडकाचा आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगा पडलेला खडक आणि त्याखाली कठीण पाषाण. पावसाचे पाणी साठते ते मुरमात व भेगांत; विहिरींचे झरे तेथूनच येतात. म्हणजे जो माल आपण ब्रासच्या हिशोबाने विकतो, तोच गावाचा हौद आहे. शिवाय माती आणि कोरडा मुरूम मुरणारे पाणी गाळून खाली सोडतात. हा थर गेला की यंत्राचे सांडलेले डिझेल, ऑईल किंवा रस्त्यावरचे घाण पाणी सरळ साठ्यात उतरते.

फसगत होते ती मे महिन्यात. खड्डा कोरडा दिसतो, पोकलेन हाताशी असते, मालाला गिऱ्हाईक असते. मग आणखी चार हात खाली जाण्याचा मोह होतो. ऑक्टोबरात तोच खड्डा पाण्याने भरतो. ते पाणी साठलेले पावसाचे नव्हे, तर बहुधा शेजाऱ्यांच्या विहिरींचेच असते. ते उन्हात उघडे पडून आटते आणि बिघडल्यास सर्वांचे बिघडते. म्हणून खोलीची मर्यादा पावसाळ्यानंतरच्या पातळीवरून ठरवावी. आसपासच्या विहिरींत सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे ते मोजावे. खाणीची जमीन चढ-उतारावर असेल तर गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने दोन्ही जागांची उंची जुळवून घ्यावी. सर्वांत वरच्या पातळीच्याही वर निदान पुरुषभर मुरूम न हलवता सोडावा, असे आमचे मत आहे. त्यात काही ब्रास माल जातो हे खरे, परंतु विहीर आटल्याचा दावा लागला तर त्याहून अधिक जाते.

आपल्या फिकहला हा विचार नवा नाही. विहिरीभोवतीच्या राखीव जागेला तेथे हरीम म्हणतात. हनफी ग्रंथांत गुरांना पाणी पाजण्याच्या विहिरीसाठी ती चाळीस हात सांगितली आहे, आणि त्या हद्दीत दुसऱ्याला विहीर खोदता येत नाही.

खड्डा भरताना तर अधिक जपावे लागते. रिकामा खड्डा दिसला की भंगारवाले, रंगाईवाले, मुलामा देणारे, बॅटऱ्या फोडणारे सगळे आपला टाकाऊ माल घेऊन येतात. यांत आपलेच कारागीर असतात, म्हणून नाही म्हणणे जड जाते. तरीही नाहीच म्हणावे. बॅटरीचे शिसे, मुलाम्याच्या गाळातील क्रोमियम आणि फाउंड्रीची जळकी वाळू एकदा खाली गेली की काढता येत नाही. पुण्याजवळ उरुळी देवाची व फुरसुंगी येथे शहराचा कचरा वर्षानुवर्षे पडत राहिला. तेथील विहिरी नासल्या आणि गावांना टँकरचे पाणी पाजावे लागले.

भरायला खाणीतलाच निकामी दगड-मुरूम सर्वांत चांगला. तळाशी तो टाकावा. तेथे काळी माती दाबली तर झऱ्यांची वाट अडते. सुरुवातीला काढलेली वरची माती वेगळा ढीग करून राखलेली असेल तर ती शेवटी वर पसरावी. खड्डा तळे म्हणून ठेवायचा असल्यास काठाला बांध घालावा, म्हणजे रस्त्याचे आणि गोठ्यांचे पाणी आत येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. तेव्हा कागद पक्के हवेतच. त्यांत आमची एक भर: काम सुरू करण्याआधी शेजारच्या विहिरींची पातळी लिहून मालकांच्या सह्या घ्याव्यात, आणि पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. विहीर आधीपासूनच मचूळ असेल तर हाच कागद खाणवाल्याला वाचवतो. जमीनमालकाशी करार करताना खड्डा कोण भरणार, कशाने आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे भाड्याच्या रकमेच्याच खाली लिहून घ्यावे.