पळतें मूल व आईबापांची हांक

मूल पहिलें पाऊल टाकतें त्या दिवशीं घरांत आनंदीआनंद होतो. शेजारपाजारच्यांस बोलावून तें पाऊल दाखविण्यांत येतें. परंतु पुढें सहाआठ महिन्यांनीं तेंच मूल हात सोडवून पळूं लागलें म्हणजे तो आनंद ओसरतो, व दिवसभर एकच घोष चालूं होतो : "अरे धरा, धरा ! पळाला तो !" आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलामुलींवर धाकट्या भावंडांस सांभाळण्याचें काम असतें, त्यांस हा घोष चांगलाच परिचयाचा आहे. म्हणून हे चार शब्द आम्ही पालकांइतकेच त्यांच्यासाठींही लिहीत आहों.

दीडदोन वर्षांचें मूल पळतें तें बहुधा आज्ञा मोडण्यासाठीं नव्हे. त्याच्या पायांस बळ लवकर येतें; मनास आवर घालण्याची शक्ति फार मागाहून येते. मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे हें आवरण्याचें काम असतें त्याची वाढ वयाच्या विशीनंतरही चालूं राहते, असें शास्त्रज्ञ सांगतात. मग दोन वर्षांच्या बालकाकडून काय अपेक्षा करावी? चेंडू रस्त्यापलीकडे गेला कीं त्यास चेंडू दिसतो, रस्ता दिसत नाहीं. येणारी मोटार किती दूर आहे व किती वेगानें येत आहे, याचा अंदाज ८-९ वर्षांच्या मुलासही नीट करतां येत नाहीं. शिवाय उभ्या गाडीमागचें अडीच फुटांचें मूल दुसऱ्या गाडीच्या चालकास दिसत नाहीं, व मुलास तो दिसत नाहीं. त्यांत आपण ओरडत मागें धांवलों म्हणजे मुलास वाटतें, हा शिवाशिवीचा खेळच चालला आहे. आणि तें हंसत हंसत अधिकच वेगानें पळतें.

ख्रिस्ती घरांत या बाबतींत एक चूक सहज होते. आज्ञाधारकपणाचीं वचनें आपणांस तोंडपाठ असतात. पळणें म्हणजे बंड, आणि बंड म्हणजे छडी, असा सरळ हिशेब मांडला जातो. छडीविषयींचें नीतिसूत्रांतील वचन सर्वांस ठाऊक. परंतु बापांनीं मुलांस चिडवूं नये, त्यांचें मन खचूं देऊं नये, अशा अर्थाचें जें पौलानें इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलें, त्याची आठवण क्वचितच कोणास होते. हें आम्ही दुसऱ्यास दोष देण्याकरितां लिहीत नाहीं. ही चूक आम्हीं स्वतः केली आहे.

आमची थोरली कन्या तीन वर्षांची असतांना नाताळच्या सुटींत आम्ही सहकुटुंब तिच्या आजोळीं निघालों होतों. फलाटावर सामान मोजतां मोजतां तिचा हात आमच्या हातून केव्हां सुटला, हें कळलेंही नाहीं. पांचसात मिनिटेंच गेलीं असतील. परंतु तेवढ्यांत एक मालगाडी समोरून धडधडत गेली, आणि त्या वेळीं आमच्या मनांत जें आलें तें येथें लिहिवत नाहीं. शेवटीं फलाटाच्या टोंकाशीं पेरू विकणाऱ्या एका बाईजवळ ती दिसली. आम्हांस पाहतांच ती हात पसरून धांवत आली, आणि आम्हीं तिच्या थोबाडींत मारली. ती बाई म्हणाली, "अहो दादा, सापडलेल्या लेकराला मारत्यात व्हय ?" आम्ही कांहीं बोललों नाहीं.

पुढें महिन्याभरानें आठवड्याच्या बाजारांत ती पुन्हां दृष्टीआड झाली. आम्ही हांका मारमारून थकलों, पण ओ नाहीं. ती चारपांच हातांवर एका पालामागें श्वास रोखून बसली होती. हांक तिला ऐकूं येत होती. "बाबा मारतील," एवढेंच ती म्हणाली. पळण्याबद्दल आपण शिक्षा केली, असें आम्हांस वाटत होतें. तिच्या लेखीं ती शिक्षा परत येण्याबद्दल होती. हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त रविवारच्या शाळेंत आम्हीं किती वेळां शिकविला असेल ! त्यांतला मेंढपाळ मेंढरूं सांपडल्यावर त्यास झोडीत आणीत नाहीं, खांद्यावर घेतो.

मग शिस्त नकोच काय ? हवी, परंतु तिच्या आधीं कठडा हवा. नवें घर बांधशील तर धाब्यास कठडा कर, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांत अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत आहे. वरून कोणी पडल्यास दोष घरधन्यावर येतो. पडणाऱ्यानें जपून कां चालूं नये, असें तेथें विचारलेलें नाहीं. लहान मुलांच्या घरास हा नियम अक्षरशः लागूं करावा. दाराची कडी मुलाच्या हातास लागणार नाहीं इतकी उंच बसवावी. हौदावर झांकण असावें, बादल्या रित्या करून पालथ्या घालाव्या. कारण वीतभर पाणीही बालकास बुडविण्यास पुरतें, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंच्या मुख्य कारणांत जगभर बुडणें मोडतें. विहिरीस कठडा बहुधा असतो, पण हल्लींच्या शेततळ्यांचें काय ? त्यांतील प्लास्टिकचें अस्तर इतकें निसरडें असतें कीं मोठ्या माणसासही वर चढवत नाहीं. त्यास कुंपण पाहिजेच. उघड्या कूपनलिका झांकण्याविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं निर्देश दिले, तरी कित्येक ठिकाणीं त्या अजून उघड्या दिसतात. मूल दिसेनासें झालें तर प्रथम पाण्याकडे धांवावें, मग शेजाऱ्यांकडे.

गर्दींत मुलाचीं बोटें न धरतां मनगट धरावें. मनगटास बांधावयाची दोरी बाजारांत मिळते; तिला लोक हंसतात, पण जत्रेंत ती वापरण्यांत आम्हांस कांहीं कमीपणा वाटत नाहीं. लग्नकार्यांत मुलें हरवतात तीं पुष्कळदां पळाल्यामुळें नव्हे. आईस वाटतें तें बापाजवळ आहे, बापास वाटतें मावशीजवळ आहे. वल्हांडण सणाहून परततांना योसेफ व मरीया यांचेंही असेंच झालें. बारा वर्षांचा येशू सोबतच्या मंडळींत असेल अशा समजुतीनें तीं दिवसभर चाललीं, व तीन दिवसांनीं तो त्यांस मंदिरांत सांपडला. म्हणून मूल दुसऱ्याकडे सोंपवितांना, "आतां हा तुझ्याजवळ," असें मोठ्यानें बोलून सोंपवावें व समोरच्याचें "हो" ऐकून घ्यावें.

आतां हांकेविषयीं. मेंढरें मेंढपाळाची वाणी ओळखतात, कारण ती त्यांच्या रोजच्या कानावरची असते. मुलाचें नांव आपण केवळ रागावतांनाच मोठ्यानें घेत असूं, तर त्या हांकेस तें कां यावें ? आंगणांत रोज दहा मिनिटें खेळ खेळावा. "थांब" म्हटलें कीं सर्वांनीं, आईबापांनींही, पुतळ्यासारखें उभें राहावें. "ये" म्हटलें कीं धांवत येऊन गळां पडावें. "थांब" हा शब्द भलत्या कारणासाठीं खर्चूं नये. "ये, खाऊ देतों," असें म्हणून खाऊ न देणें हें तर असत्यच, व मुलें तें विसरत नाहींत. "पोलीस धरून नेईल," ही धमकीही घातक आहे. हरवलेलें मूल मग ज्यानें त्यास घरीं पोंचवावयाचें त्याच शिपायापासून लपतें. त्यास आईबापांचीं नांवें शिकवावीं. आईचें नांव काय, असें विचारल्यास "आई" हेंच उत्तर देणारीं मुलें आम्हीं पहिलींतही पाहिलीं आहेत ! खिशांत दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. १९९६ सालीं मुंबईंत सुरू झालेला बालसाहाय्याचा १०९८ हा क्रमांक आज देशभर चालतो; तो पालकांस पाठ असावा.

कांहीं मुलें मात्र कितीही शिकविलें तरी पुनःपुन्हां निघून जातात. अमेरिकेंत २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, चार वर्षांवरील स्वमग्न मुलांपैकीं सुमारें निम्मीं एकदां तरी अशीं निघून गेलेलीं आढळलीं. अशा मुलास हट्टी व त्याच्या आईस निष्काळजी म्हणणाऱ्यांनीं जिभेस आवर घालावा. त्या घरास वैद्याचा सल्ला पाहिजे, आणि फाटकाकडे लक्ष ठेवणारे शेजारी पाहिजेत.

आमची ती कन्या आतां सातवींत आहे. संध्याकाळीं ती आपल्या तीन वर्षांच्या भावास घेऊन आंगणांत "थांब" खेळते. चारांपैकीं तीन वेळां तो थांबतो. चौथ्या वेळीं थेट फाटक गांठतो; म्हणून फाटकाची वरची कडी आम्हीं अद्याप काढलेली नाहीं.