विश्लेषण : केळीच्या बागेतला जिवाणू मेंदूचा ‘ब्रेक’ कसा दाखवतो?

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल असो की धुळे जिल्ह्यातील शिरपूर, केळी उत्पादकांना ‘स्यूडोमोनास’ हे नाव नवे नाही. मर रोगाला आळा घालण्यासाठी या जिवाणूची पावडर कृषी सेवा केंद्रातून आणून तिची आळवणी केली जाते. याच स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स जिवाणूच्या एका उपप्रकारामुळे मेंदूतला ‘थांब’ हा निरोप आता डोळ्यांना दिसू शकतो.

मेंदूला ब्रेक कशासाठी?

मेंदूच्या पेशी एकमेकींना ‘चालू हो’ आणि ‘थांब’ असे दोन्ही प्रकारचे निरोप देतात. ‘थांब’ सांगण्याचे काम प्रामुख्याने ‘गाबा’ हे रसायन करते. हा समतोल ढळून असंख्य पेशी एकाच वेळी संदेश सोडू लागल्या की फिट येते. फिट थांबवण्यासाठी दिली जाणारी लोराझेपाम, मिडाझोलाम ही औषधे गाबाचाच परिणाम वाढवतात.

तो दिसत का नव्हता?

गाबा स्वतः चमकत नाही आणि पेशींमधल्या फटीतून क्षणार्धात नाहीसा होतो. मेंदूतला द्रव काढून तपासण्याच्या पद्धतीत एकेका नमुन्याला काही मिनिटे लागतात.

मग तोडगा काय निघाला?

अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रातील जोनाथन मार्विन, लॉरेन लूगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘आयगाबास्निफर’ हा दर्शक जाहीर केला. त्यात जिवाणूतील गाबाला पकडणारे प्रथिन आणि मूळचे जेलीफिशमधले हिरवे चमकणारे प्रथिन जोडलेले आहे. या हिरव्या प्रथिनावरील कामाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. गाबा चिकटला की जोडप्रथिनाचा आकार बदलतो, चमक वाढते आणि सूक्ष्मदर्शक ती टिपतो.

काय आढळले?

जाग्या उंदरांमध्ये फिट सुरू असतानाही गाबा सुटत असल्याचे दिसले. म्हणजे ‘ब्रेक दाबलाच गेला नाही’ एवढेच फिटचे कारण नसते. पेशीत क्लोराइड साचले, तर गाबा असूनही ब्रेकचा जोर कमी पडतो, हे इतर संशोधनातून पुढे आले आहे. त्यामुळे नव्या औषधांच्या शोधात असे दर्शक महत्त्वाचे ठरतात.

रुग्णांना थेट उपयोग?

सध्या नाही. या प्रथिनाचे जनुक मेंदूपेशींत सोडावे लागते, शिवाय कवटीतून हा प्रकाश नीट टिपता येत नाही. माणसांच्या तपासणीसाठी ईईजी आणि एमआरआय यांसारख्या वाटा आहेत.

तोवर काय लक्षात ठेवावे?

चप्पल किंवा कांदा हुंगवल्याने हा ब्रेक लागत नाही. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, तर तातडीने रुग्णालय गाठा. सुरू असलेल्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.