दहा गुंठ्यांचा संसार

बँकेतली माझी निम्मी नोकरी शेतीकर्जाच्या टेबलावर, लोकांचे सातबारे तपासण्यात गेली. ज्या सातबाऱ्यावर माझं स्वतःचं नाव आहे, ती जमीन मात्र साठी उलटेपर्यंत मी धड चालून पाहिली नव्हती.

पाटणजवळ कोयनेकाठी आमची सामाईक दीड एकर. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात घर बसलं आणि वडिलांनी आम्हाला मुंबईला नेलं. मागे राहिले थोरले चुलतभाऊ, आबा. जमीन त्यांनीच कसली. म्हणून निवृत्तीनंतर ‘गावी येऊन राहणार, पिकवून खाणार’ असं मी जाहीर केलं, तेव्हा वहिनींनी मुकाट्यानं चहा ठेवला आणि आबांनी एवढंच विचारलं, “मोजणी आणायची हाय का?”

शेतकरी नसलेल्याला आपल्या राज्यात परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. माझी ती अडचण नव्हती. अडचण आबांच्या त्या प्रश्नात होती.

तासगावच्या द्राक्ष बागाईतदारांना घेऊन प्रयोग परिवार उभा करणारे श्री. अ. दाभोळकर सांगत, पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, पुरे. आम्ही तर दोघंच. माझा हिस्सा तीस गुंठ्यांचा; मी घरामागचे दहा मागितले. आबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधावर कुदळ आणून ठेवली.

पहिल्या जूनमध्ये मी हौसेनं मेथी, कोथिंबीर, टोमॅटो लावले. आठवड्यात सगळं कुजलं. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. “भावजी, हितल्या पावसात मेथी व्हय? काकडी, दोडका मांडवावर चढवा. पालेभाजी दसरा झाल्यावर.” दुसऱ्या वर्षी तसंच केलं. दोडके इतके लागले की शेजारी वाटावे लागले. तुम्ही सुरुवात करणार असाल, तर आधी एक उन्हाळा नुसता पालापाचोळा आणि शेण कुजवण्यात घालवा आणि गावातल्या एखाद्या वहिनींना विचारा.

कर्जाच्या अर्जात ‘मजुरी’पुढचा आकडा मी खोडत असे, घरची माणसं आहेत की! घरची माणसं म्हणजे कोणाची कंबर, ते आता रोज संध्याकाळी कळतं.

उरलेल्या वीस गुंठ्यांचं हक्कसोडपत्र आबांच्या नावे करायचं ठरवलं आहे. मसुदा तयार आहे. ठाण्याला मुलाला अजून सांगितलेलं नाही.